निवडलं रायगड, साठलं ५२०

भरणारी : सकाळी आठला खिडकी उघडते आणि दुपारपर्यंत केसपेपर काढत बसते. पेशंटचं नाव आणि वय मी टाइप करते. गाव, तालुका, जिल्हा मात्र तू करून दिलेल्या यादीतून निवडते. इतकी वर्षं माझी समजूत अशी, की मी 'रायगड' निवडलं म्हणजे 'रायगड' लिहिलं गेलं. परवा ऑडिटच्या वेळी तू ते टेबल उघडलंस, तर जिल्ह्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ५२०, ५२०, ५२०. रायगड हा शब्द कुठे नाहीच! तेव्हापासून मनाला चैन नाही. जुन्या रजिस्टरमध्ये जे लिहायचे तेच राहायचं. खाडाखोड केली तर तीसुद्धा दिसायची आणि शेजारी माझी सही असायची. इथे मी सांगते एक आणि मशीन लिहून ठेवतं दुसरंच. उद्या कोणी विचारलं, बाई, ही नोंद तुमची का, तर त्या आकड्याला मी माझं म्हणू?

रचणारा : म्हणा, ताई. तो आकडा रायगडचाच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना ४९७ ते ५३१ असे क्रमांक होते, नंदुरबारपासून सांगलीपर्यंत. त्यात रायगड ५२०. मी तेच घेतले. प्रत्येक यादीच्या मागे एक छोटं टेबल असतं, एका कॉलममध्ये कोड आणि दुसऱ्यात नाव. कॉम्बो बॉक्सला, म्हणजे तुमच्यासमोर उघडणाऱ्या यादीला, सांगावं लागतं, की दाखव नाव आणि साठव कोड. अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये कोडच्या कॉलमची रुंदी शून्य करतात, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही. पण बाउंड कॉलम तोच, म्हणजे नोंदीत जाऊन बसतो तो. वेबवरच्या फॉर्मातही प्रत्येक पर्यायाला एक दिसणारं नाव असतं आणि एक आतली व्हॅल्यू असते. आतली दिली नाही तर नावच व्हॅल्यू म्हणून जातं.

यात लपवाछपवी काही नाही. यादी यायच्या आधी या खिडकीवर जिल्ह्याचं नाव टाइप व्हायचं, ती फाइल माझ्याकडे अजून आहे. त्यात रायगड आहे, रायगढ आहे, 'जि. रायगड' आहे, 'रायगड जिल्हा' आहे, इंग्रजीतली दोन स्पेलिंगं आहेत आणि कुणा जुन्या माणसाने लिहिलेलं 'कुलाबा'सुद्धा आहे. कुलाब्याचं रायगड १९८१ मध्ये झालं, पण त्यांच्या हाताला ते लागलंच नसावं. तुम्ही वाचलंत तर हे सगळं एकच. मशीनला ते सात वेगळे जिल्हे दिसतात. आणि याच्या उलटही होतं. जनगणनेच्या इंग्रजी यादीत आपल्या रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे, अक्षर न् अक्षर. नुसतं नाव साठवलं तर दोन राज्यांतले दोन जिल्हे एक होऊन बसतील. कर्जत घ्या. पनवेलला लागून असलेला कर्जत आपल्या जिल्ह्यात, दुसरा कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. नुसत्या शब्दावर विसंबून कसं चालेल?

भरणारी : कर्जतचं पटलं. पण आत्ता तू सहज 'अहिल्यानगर' म्हणालास ना, तिथेच माझं अडलं आहे. २०१९ साली इथे एक बाई बाळंत झाल्या, घर नगरकडचं. डिस्चार्ज कार्डावर तेव्हा 'अहमदनगर' छापलं गेलं. ते कार्ड हरवलं म्हणून गेल्या वर्षी त्यांचे यजमान डुप्लिकेट मागायला आले. तेच रेकॉर्ड, तोच नंबर, पण छापून आलं 'अहिल्यानगर'. त्यांच्या बाकीच्या कागदांवर जुनं नाव. पुढे जिथे कागद द्यायचा होता तिथून त्यांना परत पाठवलं, की हे जुळत नाही. दोन खेपा घातल्या त्यांनी. शेवटी मी हाताने लिहून, शिक्का मारून दिलं. आता मला सांग, २०१९ च्या कागदावर २०२४ चं नाव कोणी लिहिलं? मी लिहिलं नाही, त्या बाईंनी सांगितलं नाही. जिल्ह्याचं नाव बदलायला माझी हरकत नाही, तो सरकारचा अधिकार. पण त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते त्या दिवसाचं आहे. रजिस्टरच्या जुन्या पानावर कुलाबा असेल तर ते कुलाबाच राहतं आणि वाचणाऱ्याला आपोआप कळतं, की ही १९८१ च्या आधीची गोष्ट आहे.

रचणारा : हे माझं चुकलं, ताई. आणि चुकलं त्या दिवशी मला आनंद झाला होता, म्हणून ते जास्त लागतं. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये बदलले, अहमदनगर २०२४ मध्ये. मी यादीमागच्या मास्टर टेबलातल्या तीन ओळी बदलल्या आणि मागच्या सगळ्या नोंदी एका क्षणात नव्या झाल्या. आम्हाला शिकवतातच असं, की एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. १९७० मध्ये कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली, तेव्हापासून या कामाचा तो पाया आहे आणि तो मी सोडणार नाही. पण मी दोन प्रश्न एकाच रकान्यात कोंबले. हे ठिकाण कोणतं, हा एक. त्या दिवशी कागदावर काय छापलं, हा दुसरा. पहिल्याला कोडच हवा. दुसऱ्याला तो शब्द जसाच्या तसा हवा, आणि छापताना तो नोंदीतच उतरवून ठेवायला हवा होता. शिवाय नावांच्या टेबलात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोन तारखा हव्यात, म्हणजे २०१९ च्या नोंदीला २०१९ चंच नाव लागेल. एवढं मी करून देतो.

भरणारी : तारखांनी नावाचं भागेल. जिल्हाच फुटला तर? वसईहून गाडीने येणारे पेशंट आहेत आपल्याकडे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर ठाण्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या त्यांच्या नोंदींत ठाणे, म्हणजे तुझा ५१७. त्यातले वसईचे किती आणि कल्याणचे किती, तो आकडा सांगेल का? एका ओळीच्या दोन झाल्या आहेत. आणि तुझ्या त्या ४९७ ते ५३१ मध्ये पालघरला जागा तरी कुठे आहे?

रचणारा : नाही. २०११ मध्ये तो जिल्हाच नव्हता. त्यामुळे दुसऱ्याची यादी उसनी घ्यायची तर ती पुढे वाढती राहणारी घ्यावी, एका दिवसाची छापील नको, हे मी शिकलो. केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी त्यासाठीच आहे, तिच्यात जिल्ह्यापासून गावापर्यंत कोड दिलेले आहेत आणि बदल नोंदवले जातात. दुसरं म्हणजे साठवावं ते सगळ्यात खालचं. वसई तालुका अख्खाच्या अख्खा पालघरमध्ये गेला. त्या जुन्या नोंदींत आपण तालुका किंवा गाव साठवलं असतं तर जिल्हा त्यावरून केव्हाही काढता आला असता, जुन्या तारखेचा जुना आणि आजचा आजचा. जिल्हे फुटतात, गाव सहसा फुटत नाही.

भरणारी : गाव फुटत नाही, हे तू पनवेलमध्ये बसून म्हणतोस?

खारघरचा माणूस खिडकीवर येतो. मी विचारते, शहर? तो म्हणतो, नवी मुंबई. तो खोटं बोलत नाही. सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवली, त्यात खारघर आहे. त्याच्या घरी येणाऱ्या पत्रावर 'नवी मुंबई ४१०२१०' असंच असतं. पण १ जानेवारी १९९२ ला झालेली नवी मुंबई महापालिका खारघरला येतच नाही. खारघर १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत. तालुका पनवेल, जिल्हा रायगड, गाडीची पाटी एमएच-४६. आता तुझ्या फॉर्मवर आधी जिल्हा निवडायचा आणि मग त्या जिल्ह्यातली शहरं खाली उघडतात. रायगड केलं तर नवी मुंबई यादीत नाही. तो माणूस वाकून स्क्रीन बघतो आणि म्हणतो, बाई, मग ठाणे करून बघा. ठाणे केलं की नवी मुंबई येते. त्याचं समाधान होतं, फॉर्मचीही काही तक्रार नसते, एक लाल खूण उमटत नाही, आणि तो माणूस ठाणे जिल्ह्याचा होऊन जातो. सोमवारच्या गर्दीत मी अशा किती नोंदी होऊ दिल्या असतील, मला सांगता येणार नाही. याचं मला वाईट वाटतं. त्याला त्याच्या शब्दांत लिहू दिलं असतं तर त्याने लिहिलं असतं, 'खारघर, नवी मुंबई, जि. रायगड'. तुझ्या यादीच्या हिशोबाने असं ठिकाणच नाही. वाचणाऱ्या माणसाला मात्र त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

रचणारा : एकाखाली एक उघडणाऱ्या याद्या बांधताना मी धरून चालतो, की प्रत्येक खालची गोष्ट एकाच वरच्या गोष्टीची असते. सातबारा बघताना आपण जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडतो. तिथे हे बरोबर चालतं, कारण महसूल खात्याची रचनाच तशी आहे. 'शहर' हे त्या उतरंडीतलं मडकं नाही. टपालाचं शहर वेगळं, महापालिका वेगळी, बोलण्यातलं शहर वेगळं. मी टपालाचा पत्ता आणि महसुली ठिकाण एकाच शिडीवर चढवले. पण यादीचा दोष आणि यादी बांधणाऱ्याचा दोष वेगळा धरा, एवढीच विनंती.

बांधणाऱ्याच्या चुका कशा होतात तेही सांगतो, कारण यातली एक मी केली आहे. अ‍ॅक्सेसमध्ये बाउंड कॉलमची गणती एकपासून सुरू होते, पण त्याच यादीतला कॉलम प्रोग्रॅममधून वाचायचा तर गणती शून्यापासून. नवा माणूस हमखास एका घराने चुकतो. आणि बाउंड कॉलमलाच शून्य दिलं तर एरर येत नाही. मग ना कोड साठतो ना नाव; यादीतली ती ओळ कितवी, तेवढं साठतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संस्थेसाठी मी हेच केलं. यादी होती करंजाडे, कळंबोली, कामोठे, खारघर अशी. मोजणी शून्यापासून, म्हणून कामोठ्याला २ आणि खारघरला ३. चाचणीत सगळं बरोबर दिसलं, कारण वाचतानाही तीच यादी समोर. चार महिन्यांनी उलवे वाढवलं. अकारविल्ह्याने ते सगळ्यात वर गेलं आणि खालचं प्रत्येक गाव एक पायरी सरकलं. साठवलेला ३ आता कामोठे दाखवू लागला आणि २ कळंबोली. जुन्या नोंदींतल्या एकूण एक माणसाचं गाव बदललं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. एका मुलीच्या वडिलांना चुकीच्या पत्त्यावर पत्र गेलं तेव्हा कळलं. मी तीन आठवडे रात्री बसून छापील अर्जांवरून एकेक नोंद सुधारली.

भरणारी : बघ, कशावरून सुधारलीस? छापील अर्जांवरून. त्यांवर माणसांनी आपल्या हाताने गावाचं नाव लिहिलं होतं. आता माझ्या खिडकीवर तो कागदच उरला नाही. पेशंट बोलतो, मी निवडते, संपलं. उद्या तुझ्या टेबलात असं काही झालं तर कशाशी ताडून बघणार आहेस?

मला जे म्हणायचं आहे ते हेच. मी टाइप करताना 'पनवले' लिहिलं तर कोणीही वाचून म्हणेल, इथे चूक आहे. यादीतून चुकीची ओळ निवडली गेली तर ती नोंद बरोबर नोंदीइतकीच स्वच्छ दिसते. शुद्धलेखन अचूक, कोड अचूक, फक्त माणूस भलत्या गावचा. कर्सर यादीवरच राहिला आणि पान खाली करायला माउसचं चाक फिरवलं, की पान हलत नाही, निवड हलते. खाली लगेच रत्नागिरी आहे. मी हे कितीदा पकडलं आहे, म्हणजे न पकडलेलंही असणार. तुझ्या आधीच्या माणसाने जो फॉर्म केला होता त्यात पहिलं नाव आधीच निवडलेलं यायचं. इंग्रजी क्रमाने पहिला जिल्हा अहमदनगर. रात्रपाळीचा पोरगा घाईत जिल्ह्याला हातच लावायचा नाही, आणि महिन्याच्या रिपोर्टात पनवेलच्या दवाखान्यात नगरचे पेशंट ढिगाने. तो रकाना रिकामा राहिला असता तर बरं झालं असतं. रिकामी जागा निदान सांगते, की विचारायचं राहिलं.

रचणारा : रिकाम्या जागेबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पहिली ओळ कोरी असावी, आणि 'विचारलं नाही', 'माहीत नाही', 'लागू नाही' या तीन गोष्टी तीन असाव्यात. चाकाचा बंदोबस्तही करता येतो. पण तुम्ही म्हणता तसं सगळं शब्दांत लिहायचं ठरवलं तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोचे पेशंट येतात. एका वस्तीत आठवड्यात दहा जण आजारी पडले, तर ते तिसऱ्या-चौथ्यालाच दिसायला हवं, म्हणजे तिथे फवारणी होईल, पाणी तपासलं जाईल. ती वस्ती पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिली तर मशीनला कुठे एक, कुठे दोन आणि कुठे तीन पेशंट दिसतात. कुठेच काही विशेष नाही, असा रिपोर्ट निघतो. मराठीत तर हे आणखी अवघड. 'कातकऱ्यांची वाडी' यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्याला शब्द एकच, आतले अक्षरांचे कोड वेगळे, आणि मशीन म्हणतं ही दोन गावं. युनिकोडच्या आधीच्या फाइली तर तो फॉन्ट नसेल तर वाचताही येत नाहीत. आणि नीट मोजली न गेलेली वस्ती बहुतेक वेळा गरिबांचीच असते, ताई. हिरानंदानीच्या पत्त्याचं स्पेलिंग कोणी चुकत नाही. म्हणून मी यादीचा इतका आग्रह धरतो. तुमची खिडकी एका माणसाला नीट ऐकते, हे खरं. माझ्या टेबलाला शंभर माणसं एकत्र दिसावी लागतात.

भरणारी : हे तू बरोबर बोललास. वाडीवरचं मूल मोजलं गेलं पाहिजे, त्यात वाद नाही. पण मोजायच्या आधी त्याला यादीत जागा पाहिजे ना? तुझ्या फॉर्मवर मातृभाषेची यादी आहे. आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषा आणि खाली इंग्रजी. गव्हाणकडची म्हातारी येते, मी विचारते, मावशी, घरात काय बोलता? ती म्हणते, आगरी. यादीत आगरी नाही, कोळी नाही, कातकरी नाही. मी मराठी करते. माझी आई जन्मभर आगरी बोलली. तिचाही केसपेपर मीच काढला होता आणि तिलाही मराठी केलं. ती मराठीच आहे असं कोणी म्हणेल, म्हणू दे. पण तिने सांगितलेला शब्द मी पुसला, आणि पुसल्याची खूणसुद्धा राहिली नाही. उद्या कोणी तुझं टेबल बघून म्हणेल, पनवेलच्या या दवाखान्यात आगरी बोलणारा एकही माणूस आला नाही. आणि आकडे दाखवून म्हणेल!

रचणारा : २०११ च्या जनगणनेत हे उलट्या बाजूने केलं होतं. प्रगणकाने माणूस सांगेल ते मातृभाषेचं नाव लिहायचं. देशभरातून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. मग जाणकारांनी बसून ती तपासली, स्पेलिंगं जुळवली, तेव्हा १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्या पुढे १२१ भाषांच्या गटांत घातल्या. तुमचं म्हणणं तिथे पाळलं गेलं. आधी माणसाचा शब्द, यादी नंतर. पण त्याचा खर्चही बघा. ते आकडे लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं. लेप्टोला सात वर्षं थांबता येत नाही. आणि गटात घालताना शेवटी कोणीतरी ठरवलंच, की अमुक बोली तमुक भाषेखाली. निवड टळली नाही, खिडकीवरून उठून दिल्लीला गेली इतकंच.

भरणारी : तिथे निदान आधीचा शब्द शिल्लक राहिला. ठरवणाऱ्याचं चुकलं तर दुसरा कोणी तो शब्द काढून पुन्हा ठरवू शकतो. माझ्या आईचा शब्द कुठून काढणार? त्याच जनगणनेत स्त्री-पुरुषापलीकडच्यांसाठी तिसरा कोड होता आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. आपल्या फॉर्मवर ती तिसरी ओळ कधी आली? एका पेशंटने खिडकीवर माझ्याशी भांडण काढलं तेव्हा. तोवर मला स्वतःला सुचलं नव्हतं, की यादीत काय नाही ते आपण बघतच नाही. रजिस्टरमध्ये समास असायचा. बसेना ते समासात लिहायचं.

रचणारा : समास दिला असता, पण एक अडचण फार थोड्यांना माहीत असते. यादीत नसलेलं टाइप करू द्यायचं की नाही, याचं अ‍ॅक्सेसमध्ये एक बटण आहे, 'लिमिट टू लिस्ट'. नाव दाखवून मागे कोड साठवायला लागलं, की ते बटण चालू ठेवावंच लागतं, बंद करता येत नाही. त्यामागचं कारण रास्त आहे. साठवायचा आहे कोड, आणि तुम्ही नवा शब्द लिहिलात तर त्याला कोडच नाही. म्हणजे कोड लपवला त्याच क्षणी तुमच्या लिहिण्याचा रस्ता बंद झाला. त्यावर उपाय असा, की यादीत नसलेला शब्द आला तर फॉर्मने विचारावं, हा नवा आहे का, आणि तो मास्टर टेबलात घालावा. मी ते एके ठिकाणी ठेवून पाहिलं. वर्षभरात यादीत 'कामोठे', 'कामोठा' आणि 'कामोठे से. ६' अशा ओळी जमल्या. यादी पुन्हा रजिस्टर झाली.

भरणारी : मग ओळी काढायचा अधिकार कोणाकडे असतो, तेही सांग. माझं माहेर कोल्ही. विमानतळाला जागा हवी होती तेव्हा कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, उलवे, गणेशपुरी अशा दहा गावांच्या वस्त्या हलल्या. माणसं नव्या जागी राहायला गेली, देवळंही नवी बांधली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. त्यानंतर मी माझ्या भावाचा केसपेपर काढत होते. जन्मगाव विचारणारा रकाना आहे. यादी उघडली, कोल्ही नव्हतं. जिथे आमची भाताची खाचरं होती, मिठागरं होती, तिथे आता कोणी राहत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो जन्मला तिथेच ना?

रचणारा : ती ओळ मी काढली, ताई. कामोठ्याच्या घोळातून शहाणा होऊन यादी आवरायला बसलो होतो. पुसली नाही, पुसली तर जुन्या नोंदी उघड्या पडतात. 'बंद' अशी खूण केली आणि यादीत फक्त चालू गावं दाखवायला सांगितली. मला ते चोख काम वाटलं. पण त्यात एक खोड आहे. जुनी नोंद उघडली की आत कोल्हीचा कोड शाबूत असतो, पण कॉम्बो बॉक्सला आपल्या यादीत त्याचं नाव सापडत नाही, म्हणून तो कोरा दिसतो. समोर बसलेल्याला वाटतं भरायचं राहून गेलं, आणि तो चांगल्या मनाने दुसरं गाव निवडून सेव्ह करतो. मग मात्र कोल्ही खरोखर जातं. असं किती नोंदींत झालं ते मी शोधून काढेन, बदलांची नोंद ठेवणारं टेबल आहे. आणि मुळात चूक माझ्या विचारात होती. राहण्याचं गाव आणि जन्माचं गाव या दोन रकान्यांना मी एकच यादी जोडली. आज कुठे राहता येतं आणि माणूस कुठे जन्मलेला असू शकतो, या याद्या एक असूच शकत नाहीत. दुसरीतून ओळ कधीच काढायची नसते.

भरणारी : तर मग माझं मागणं ऐक. याद्या ठेव, कोड ठेव, मी आता त्याला नाही म्हणत नाही. मात्र सेव्ह करायच्या आधी काय साठणार आहे ते मला एका ओळीत वाचायला दे, कोड आणि नाव दोन्ही. आणि प्रत्येक यादीच्या शेजारी एक ओळ मोकळी ठेव. 'पेशंटने सांगितलेलं', असं तिचं नाव. तिच्यात मी खारघर, नवी मुंबई लिहीन, आगरी लिहीन. तुझी मोजणी कोडवर होऊ दे. तो शब्द तिथे राहू दे.

रचणारा : पहिली गोष्ट आजच करतो. दुसरीला माझी खरी अडचण आहे. मोकळी ओळ मी बऱ्याच फॉर्मांत पाहिली आहे. पहिले दोन महिने तिच्यात मोलाचं काही येतं. मग कोणी डॅश टाकतं, कोणी यादीतलंच नाव पुन्हा लिहितं, आणि जे खरं लिहिलेलं असतं ते कोणी उघडून बघत नाही. जिचा कोणी वाचक नाही अशी ओळ ठेवली तर आपण पेशंटला ऐकल्याचं नुसतं दाखवू. ती ठेवायची तर दर महिन्याला कोणीतरी बसून वाचली पाहिजे, काय वारंवार येतंय ते बघितलं पाहिजे, आणि यादीत नवी ओळ घालायची की नाही ते ठरवलं पाहिजे. ते काम प्रोग्रॅमला जमणार नाही. त्याला पनवेल ठाऊक असलेलं माणूस लागेल. कोण वाचणार, ते लिहून द्या. मी ओळ ठेवतो.

भरणारी : मी वाचेन. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी खिडकी बंद झाल्यावर. ३१ मेपर्यंत मी आहे. त्यानंतर या खिडकीवर कोण बसणार, त्याची नेमणूक अजून झालेली नाही.